बैल, माणूस आणि इंजिन : बळ येतं कुठून?



आपल्या शिवारात दोन प्रकारचे गडी राबतात. एक जिवाचा, म्हणजे बैल आणि आपण स्वतः. दुसरा लोखंडाचा, म्हणजे विहिरीवरचं इंजिन, मोटार किंवा ट्रॅक्टर. एकाला कडबा लागतो, दुसऱ्याला डिझेल किंवा वीज. दोघंही खाल्ल्याशिवाय काम करीत नाहीत, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण कडब्याच्या पेंडीतून नांगर ओढण्याचं बळ निघतं तरी कसं? आणि डिझेलमधून पाणी उपसण्याचं बळ निघतं ते याच जातीचं की वेगळं? या प्रश्नाचा उलगडा व्हायला माणसाला पाऊणशे-शंभर वर्षं लागली. त्या उलगड्याची ही हकिकत आहे. ती नुसती करमणुकीची नाही. उन्हाळ्यात बैलाच्या दावणीला काय टाकायचं, याचा हिशेब शेवटी तिच्यातूनच निघतो.

घोड्याच्या मापानं इंजिन

आपण पाच 'हॉर्स'ची मोटार म्हणतो. मराठीत अश्वशक्ती. यंत्राच्या मापात हा घोडा शिरला कसा?

इंग्लंडात खाणींत पाणी भरायचं. ते उपसायला घोडे रहाटाला जुंपत. १७१२ साली थॉमस न्यूकोमेन यानं वाफेवर चालणारा पंप बसवला. पण तो कोळसा फार खाई. शंभर भाग कोळसा जाळावा, तेव्हा एक भागाचंसुद्धा काम पदरात पडत नसे. जेम्स वॉट या कारागिरानं त्यात सुधारणा केली आणि १७६९ साली तिचं पेटंट घेतलं. वाफ थंड करायला त्यानं वेगळं भांडं जोडलं, त्यामुळं मुख्य सिलिंडर गरमच राहू लागला आणि कोळसा पुष्कळ वाचला. खाणवाल्यांशी त्याचा सौदा मोठा पारखी होता. जुन्या इंजिनाच्या मानानं जेवढा कोळसा वाचेल, त्यातला तिसरा हिस्सा किमतीच्या रूपानं मला द्या, असा.

पुढं ज्यांच्याकडे घोडे होते अशी गिऱ्हाइकं येऊ लागली. त्यांचा प्रश्न एकच : तुमचं इंजिन घेतलं तर माझे किती घोडे सुटतील? वॉटनं माप ठरवलं. ३३,००० पौंड वजन एका मिनिटात एक फूट उचललं, की ती एक अश्वशक्ती. आपल्या विहिरीच्या भाषेत सांगायचं तर ३३ फूट खोल विहिरीतून मिनिटाला सुमारे ४५० लिटर पाणी वर काढणं. वाटेत काही वाया गेलं नाही असं धरून, बरं का. प्रत्यक्षात पंपात, फूटव्हॉल्व्हमध्ये आणि पाईपाच्या वळणांत बरंच बळ खर्ची पडतं.

आपला मध्यम बांध्याचा बैल दिवसभर टिकून काम करतो तेव्हा आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकी ओढ देतो. त्याची शक्ती अर्ध्या अश्वशक्तीच्या आसपास भरते. म्हणजे चांगली बैलजोडी साधारण एक अश्वशक्तीची. धडधाकट माणूस दिवसभर राबला तर एक दशांश. घटकाभर जोर लावला तर माणूस काय किंवा बैल काय, याच्या कितीतरी पट काम करतो. पण ते घटकाभरच.

माप ठरलं खरं. पण बळ येतं कुठून, हे वॉटच्या काळी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

डबीतला प्राणी आणि वितळलेलं बर्फ

फ्रान्समध्ये आंत्वान लावाझिए नावाचे शास्त्रज्ञ होते. हवेतला प्राणवायू जळण्याच्या कामी येतो, हे त्यांनी दाखवून दिलं. हे गृहस्थ नुसते प्रयोगशाळेतले नव्हते. १७७८ साली त्यांनी ब्लुआ गावाजवळ शेती घेतली होती, आणि पेरा किती, उतारा किती, गुरं किती, याची वही ठेवली होती. जमाखर्च मांडण्याची त्यांना सवयच होती. तीच सवय त्यांनी जिवंत शरीराला लावली.

१७८२-८३ च्या हिवाळ्यात लावाझिए आणि त्यांचे सहकारी लाप्लास यांनी एक भांडं बनवलं. आत डबी, भोवती बर्फ. डबीत गिनीपिग नावाचा सशासारखा छोटा प्राणी ठेवला. त्याच्या अंगच्या उबेनं १० तासांत सुमारे १३ औंस बर्फ वितळलं. मग त्यांनी हिशेब केला. हा प्राणी तेवढ्या वेळात जितका कर्बवायू श्वासावाटे सोडतो, तितकाच कर्बवायू निघेपर्यंत कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल? दोन्ही आकडे जवळजवळ आले. निष्कर्ष निघाला की श्वास घेणं म्हणजे मंद आचेवर जळणंच आहे. चुलीत लाकूड जळतं, अंगात अन्न जळतं. फरक एवढाच की अंगात ज्वाळ नाही, धूर नाही.

१७९० च्या सुमारास लावाझिए यांनी सेगें नावाच्या आपल्या सहकाऱ्यालाच तोंडाला मुखवटा लावून बसवलं. उपाशीपोटी स्वस्थ बसलेला माणूस किती प्राणवायू घेतो ते मोजलं. मग त्याला पायानं वजन उचलायचं काम दिलं. प्राणवायूचा खप अडीच पटीच्या आसपास गेला. काम वाढलं की जळण वाढतं, हे आकड्यांत सिद्ध झालं.

यावर लावाझिए यांनी जे लिहिलं ते प्रत्येक कष्टकऱ्यानं ऐकावं असं आहे. त्यांचं म्हणणं असं की अंगमेहनतीवर जगणारा गरीब माणूस शरीरातलं जळण जास्त जाळतो, म्हणजे त्याला अन्न जास्त लागतं. आणि नेमकं त्यालाच ते कमी मिळतं. बसून खाणाऱ्याला गरज कमी, पण ताट भरलेलं. असं लिहिणारा हा माणूस सरकारी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार होता. त्या कारणानं राज्यक्रांतीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला.

तोफ, घोडे आणि उकळलेलं पाणी

त्यानंतर चारच वर्षांनी, १७९८ साली, काउंट रम्फर्ड यांनी एक नवल सांगितलं. जर्मनीतल्या म्युनिक शहरी ते तोफांच्या कारखान्यावर देखरेख करीत. ओतीव पितळी तोफेला भोक पाडायचं यंत्र घोड्यांनी फिरवीत. भोक पाडताना धातू भयंकर तापतो, हे त्यांनी पाहिलं. त्यांनी मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, भोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोडे फिरवले. अडीच तासांत पाणी खळखळ उकळलं. विस्तव नाही, जाळ नाही, आणि पाण्याला आधण! बघणारे चकित झाले.

घासण्याच्या कष्टातून उष्णता निघते, हे यातून दिसलं. आपण थंडीत तळहात चोळतो ते याचसाठी. पण रम्फर्ड यांनी पुढं एक मार्मिक गोष्ट नोंदवली. उष्णताच हवी असेल तर घोडा फिरवण्यात फायदा नाही. घोड्याची वैरणच चुलीत घातली तर याहून जास्त उष्णता मिळेल.

वैरणीपासून घोडा, घोड्यापासून कष्ट, कष्टापासून उष्णता, अशी ही साखळी होती. तिची पहिली कडी आणि शेवटची कडी एकाच मापानं मोजता येईल का, हा प्रश्न आता उभा राहिला.

जहाजावरचा डॉक्टर आणि दारूभट्टीवाल्याचा मुलगा

१८४० साली रॉबर्ट मायर नावाचा तरुण जर्मन डॉक्टर जहाजावरून जावा बेटावर गेला. तिथं आजारी खलाशांच्या शिरेतून रक्त काढताना त्याला ते लालभडक दिसलं. थंड मुलखात शिरेतलं रक्त काळपट असतं. त्यानं विचार केला की उष्ण देशात अंग ऊबदार ठेवायला कमी जाळावं लागतं, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो. तिथून त्याचं मन पुढं धावलं. शरीर जे अन्न जाळतं त्यातूनच ऊब निघते आणि त्यातूनच कष्टही निघतात. तेव्हा ऊब आणि कष्ट ही एकाच गोष्टीची दोन रूपं असली पाहिजेत. १८४२ साली त्यानं हे छापलं.

इकडं इंग्लंडात मँचेस्टरजवळ जेम्स जूल हा बिअर गाळणाऱ्या कारखानदाराचा मुलगा हेच माप प्रयोगानं शोधत होता. पाण्याच्या भांड्यात त्यानं रवीसारखी पाती बसवली आणि खाली उतरणाऱ्या वजनाच्या जोरावर ती फिरवली. पाणी अगदी किंचित तापलं, पण जूलचा तापमापक फार बारीक होता. वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यानं दर पक्का केला. अमुक वजन अमुक फूट खाली आलं की ठरलेली उष्णता मिळणारच, कमी नाही की जास्त नाही. ताक घुसळणाऱ्या बाईचे कष्टही असेच ताकाच्या डेऱ्यात ऊब होऊन उतरतात. डोळ्यांना दिसत नाहीत एवढंच.

यातून मोठा सिद्धांत निघाला : ऊर्जा नवी निर्माण होत नाही आणि नाहीशीही होत नाही. फक्त रूप बदलते. म्हणजेच न खाता राबणारा बैल आणि न जाळता चालणारं इंजिन कधीच होणार नाही. बिनइंधनाचं यंत्र विकायला कोणी दारात आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

जूलनं स्कोर्स्बी या आपल्या स्नेह्याबरोबर १८४६ साली एक जमाखर्च छापला, तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे. घोडा, वाफेचं इंजिन आणि विजेचं यंत्र यांची त्यांनी तुलना केली. त्यांच्या अंदाजानं जनावराच्या अंगात जळलेल्या अन्नातला सुमारे चौथा हिस्सा कामाच्या रूपानं मिळू शकतो. त्या काळच्या कुठल्याही वाफेच्या इंजिनाला एवढं जमत नव्हतं. लोखंडाचा गडी जोरदार होता, पण हिशेबात जिवाचा गडीच पुढं होता.

मूळ मालक सूर्यनारायण

मग अन्नात ही ऊर्जा आली कोठून? याचं उत्तर पानात सापडलं. १७७१ साली इंग्लंडात जोसेफ प्रीस्टली यांना दिसलं की मेणबत्तीनं खराब झालेली बंद भांड्यातली हवा पुदिन्याची फांदी ठेवल्यानं पुन्हा चांगली होते. १७७९ साली यान इंगेनहौस यांनी दाखवलं की हे काम वनस्पतीचा फक्त हिरवा भाग करतो, आणि तेही फक्त उजेडात. पान हवेतला कर्बवायू घेतं, मुळातून आलेलं पाणी घेतं, आणि उन्हाच्या जोरावर साखर तयार करतं. ते ऊन साखरेत, स्टार्चमध्ये, तेलात कोंडलं जातं. झाडं उन्हाची साठवण करतात, हे मायरनं १८४५ साली स्पष्ट लिहून ठेवलं.

तेव्हा कणसातला दाणा म्हणजे साठवलेलं ऊन. ते बैलाच्या पोटात सुटतं. कोळसा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या झाडाझुडपांचं ऊन, आणि खनिज तेल म्हणजे समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचं. खोपोलीला १९१५ साली आणि कोयनेला १९६२ साली पाण्यावर वीज सुरू झाली. तिथंही समुद्राचं पाणी ढग करून डोंगरावर चढवलं ते सूर्यानंच. आज शेतात दिसणारा सौर पंप मधला सगळा फेरा टाळून थेट उन्हावर चालतो. सौर पाटी अंगावर पडलेल्या उन्हातला पाचवा हिस्सा विजेत आणते. पीक शंभरात एखादाच भाग साठवतं. पण सौर पाटी खाता येत नाही, आणि पान आपलं आपण उगवतं!

डिझेलची गोष्ट

रुडॉल्फ डिझेल हा जर्मन इंजिनिअर. वाफेचं इंजिन जळणातलं पुष्कळसं बळ धुराड्यातून घालवतं, याची त्याला टोचणी लागली होती. जळण बाहेर भट्टीत न जाळता सिलिंडरच्या आतच जाळावं, आणि पेटवायला ठिणगीही लागू नये, असा त्याचा विचार. हवा एकदम जोरात दाबली की ती इतकी तापते की आत फवारलेलं तेल आपोआप पेट घेतं. सायकलीत हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तोच प्रकार. १८९७ साली आउग्सबुर्ग इथं त्याच्या इंजिनाची चाचणी झाली. शंभर भाग इंधनातले सुमारे २६ भाग कामी आले. लोखंडाचा गडी बैलाच्या बरोबरीला आला तो त्या दिवशी.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात असलं एक छोटं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं. म्हणजे इंजिनही शेतातल्या पिकावर चालू शकतं. आपल्याकडे १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना उभा राहिला. पुढं गावोगाव विहिरींवर इंजिनांचा फटफट आवाज येऊ लागला आणि मोटेची धाव हळूहळू ओस पडली.

एक लिटर डिझेलमध्ये किती बळ असतं? साधारण ८,५०० उष्मांक. अडीच किलो ज्वारीत तेवढेच असतात. कष्टकरी माणसाचा तीन दिवसांचा आहार तो. लिटरभर डिझेल सांडलं तर अडीच किलो ज्वारी मातीत गेली असं समजावं.

बैलाच्या पोटातला कारखाना

बैलाला मात्र डिझेलसारखा भडका चालत नाही. त्याचं अंग ३८-३९ अंश उष्णतेवरच काम करतं. इंजिनात आधी उष्णता होते आणि तिच्या दाबानं दट्ट्या हलतो. स्नायूचं तसं नाही. अन्नातली ऊर्जा तिथं थोडी थोडी सुटते आणि ए.टी.पी. नावाच्या पदार्थात भरली जाते. हा पदार्थ कार्ल लोमान यांनी १९२९ साली शोधला. शंभराची नोट बाजारात मोडून सुट्टे करतो, तसं शरीर अन्नाची नोट मोडून ए.टी.पी.चे सुट्टे करतं. स्नायू हे सुट्टेच घेतो, नोट घेत नाही.

जर्मनीत माक्स रुबनर यांनी कुत्र्यांना मोजपेटीत ठेवून, खाल्लेलं अन्न आणि बाहेर पडलेली उष्णता यांचा मेळ घातला. १८९४ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. फरक शेकड्यात एक सुद्धा नव्हता. अमेरिकेत ॲटवॉटर यांनी माणूस आत राहील एवढी खोली बांधली आणि आत सायकल चालवायला लावली. माणसाचाही हिशेब जुळला. मग १९०२ साली पेनसिल्व्हेनियात आर्म्सबी यांनी गुरांसाठी तशी खोली उभारली.

तिथं दावणीचं खरं दुखणं उघड झालं. वाळलेल्या वैरणीतलं बळ चार वाटांनी गळतं. काही न पचता शेणात जातं. काही ढेकरांवाटे वायू होऊन जातं. थोडं मूत्रात जातं. आणि बरंच तर ती वैरण चघळण्यात, रवंथ करण्यात आणि पचवण्यातच खर्च होतं. वैरण जितकी जून आणि काष्ठमय, तितकी गळती जास्त. ढीगभर जुनाट काड खाऊनही बैल हाडं का दाखवतो, याचं कारण हे. पोट भरतं, पण खात्यावर जमा पडत नाही.

इंजिन थांबतं, बैल थांबत नाही

आता या सगळ्या इतिहासातला कळीचा मुद्दा. टाकीतलं डिझेल संपलं की इंजिन बंद पडतं. ते आपले नट-बोल्ट जाळत नाही. बैलाचं उलटं आहे. दावणीत कमी पडलं तरी तो जू खांद्यावर घेतो आणि चालतो. ते बळ कुठून आणतो? आधी अंगावरची चरबी जाळतो, मग आपलं मांस. ज्या स्नायूनं नांगर ओढायचा तोच तो इंधन म्हणून खातो. बैल मुका आहे, म्हणून इंजिनासारखा आवाज बदलून सांगत नाही.

वैशाख-ज्येष्ठात वैरण संपत येते आणि मृगाला पेरणीची घाई असते. वर्षातलं सगळ्यात जड काम बैलावर त्याच्या सगळ्यात रोड दिवसांत येतं. १९७२ च्या दुष्काळात वैरणीअभावी जनावरांचे किती हाल झाले, हे जुन्या मंडळींना आजही आठवतं. दुष्काळ नसतानाही थोडं तसंच दर उन्हाळ्यात आपल्या गोठ्यात घडत असतं. ते टाळण्यासाठी एवढं करावं :

१. पेरणीच्या आधी महिनाभर तरी बैलाचा आहार वाढवावा. जुंपायच्या आदल्या दिवशी घातलेली पेंड त्या दिवशी कामाला येत नाही. धान्य व पेंड हळूहळू वाढवावी. एकदम जास्त दिल्यास पोट बिघडतं.

२. कडब्याची कुट्टी करून घालावी. वाया कमी जातो आणि खाण्याचे कष्ट वाचतात. नुसत्या काडाबरोबर जमेल तेवढा हिरवा चारा, द्विदल असेल तर उत्तम, आणि खनिज मीठ द्यावं. काडावर युरियाची प्रक्रिया करायची असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांना विचारूनच करावी. चुकलं तर विषबाधा होते.

३. रवंथ म्हणजे आळस नव्हे, ते बैलाचं इंधन तयार करण्याचं काम आहे. सकाळी लवकर जुंपावं, उन्हात सोडावं, सावली आणि भरपूर पाणी द्यावं, मग उतरत्या उन्हात पुन्हा जुंपावं.

४. इंजिनाच्या धुराकडं लक्ष ठेवावं. काळा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. हवेची जाळी साफ ठेवावी, डिझेल गाळून भरावं. पाईपाला वळणं कमी ठेवावीत आणि गळका फूटव्हॉल्व्ह बदलावा. बैलाच्या वैरणीला गळती असते तशी पंपालाही असते.

५. शेतात राबणाऱ्या माणसांचाही हिशेब तोच आहे. पेरणी-कापणीच्या दिवसांत घरची बाई पहाटेपासून रात्रीपर्यंत राबते आणि सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं खाते. काम जास्त तिथं भाकरी जास्त, हा लावाझिएनं मोजून दाखवलेला नियम तिलाही लागू आहे.

बैल विकून ट्रॅक्टर घ्यावा की बैल ठेवावा, याचा निर्णय ज्यानं त्यानं आपली जमीन, पाणी आणि कर्ज बघून घ्यावा. पण जो गडी ठेवाल त्याचा जमाखर्च ठेवा. निसर्गाच्या दुकानात उधारी मिळत नाही. इंजिनाला कमी दिलं तर ते उभं राहून सांगतं. बैलाला कमी दिलं तर ते देणं तो आपल्या अंगातून फेडतो, आणि पुढच्या हंगामाला ते आपल्याच खात्यावर येतं.

आज संध्याकाळी वैरण टाकताना बैलाच्या फऱ्यावरून आणि बरगड्यांवरून एकदा हात फिरवून बघा. टाकीत किती शिल्लक आहे ते हाताला कळेल.